शस्त्रपूजेआधी शस्त्र रिकामे करा



घट बसले की आमच्या दवाखान्यात ठरावीक तक्रारी सुरू होतात. उपवासाने पित्त उसळलेले असते, साबुदाण्याने पोट गच्च झालेले असते, नऊ दिवस अनवाणी चालून टाचांना भेगा पडलेल्या असतात. दरवर्षी या सदरात मी त्याविषयी लिहितो. या वेळी विषय जरा निराळा आहे.

खंडेनवमीला आपल्या घरोघरी विळे, कोयते, पहारी, नांगराचे फाळ धुऊन-पुसून पाटावर मांडले जातात. ज्यांच्याकडे परवान्याचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर आहे, ते तेही कपाटातून काढून त्यांच्या शेजारी ठेवतात. वर्षभर ज्याला हात लागलेला नाही असे शस्त्र, हातात तेलाचे फडके आणि भोवती घरची पोरेबाळे. अपघाताला याहून सोयीची वेळ शोधूनही सापडणार नाही.

‘आरोग्याच्या सदरात पिस्तुलाचे काय काम?’ असे कोणी विचारील. गोळीची जखम ही शेवटी जखमच असते आणि ती बांधायला डॉक्टरच लागतो. शिवाय हा असा विकार आहे, की ज्याचा प्रतिबंध जवळजवळ फुकट आहे आणि उपचार मात्र जन्मभर पुरतात. पण हा लेख लिहिण्याचे खरे कारण वेगळे आहे. ते म्हणजे मी केलेली एक सही.

एक सही

शस्त्रपरवान्याच्या अर्जाला डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. अर्जदाराची शारीरिक आणि मानसिक प्रकृती ठीक आहे, असे त्यात आम्ही लिहून द्यायचे असते. २०१८ साली माझे एक जुने पेशंट असा दाखला घ्यायला आले. त्यांना आपण अण्णा म्हणू. पंचावन्नच्या पुढचे वय, ऊस-बागाईत, सोबत छोटी-मोठी कंत्राटे. रात्री-अपरात्री रोख रक्कम घेऊन फिरावे लागते म्हणून पिस्तूल हवे होते. मी त्यांचे बीपी पाहिले, नजर तपासली, हात थरथरतो का ते पाहिले, झोप लागते का विचारले. सगळे ठीक होते. मी सही केली, शिक्का मारला, चहा झाला.

हे शस्त्र घरात कुठे ठेवणार, किल्ली कोणाकडे असणार, ते रिकामे कसे करायचे हे तुम्हाला कोणी शिकवले का, यातले काहीही मी विचारले नाही. विचारायचे असते, हेच तेव्हा माझ्या डोक्यात नव्हते.

२०२१ ची खंडेनवमी. सकाळी नऊच्या सुमारास फोन आला, “डॉक्टर, लगेच या. बंटूला गोळी लागली.” बंटू हे नावही मी बदलले आहे. हा अण्णांचा पुतण्या, वय एकोणीस. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी रोज पहाटे कालव्याच्या रस्त्याने धावणारा मुलगा.

झाले होते ते असे. अण्णांनी पूजेसाठी पिस्तूल बाहेर काढले. मुठीतले मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढून बाजूला ठेवली. आता शस्त्र रिकामे झाले, असे ते समजले. पण कधीतरी रात्री शेतावर जाताना त्यांनी एक काडतूस वर चढवले होते. ते नळीच्या मागच्या खोबणीत तसेच राहिले होते. मॅगझिन काढले तरी खोबणीतले काडतूस निघत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. उजव्या हातात मूठ धरून, डाव्या हाताने नळीच्या तोंडाशी बसलेला डाग ते जोर लावून पुसू लागले. पुसता पुसता सेफ्टीचा खटका सरकला असावा. उजव्या हाताचे पहिले बोट चापावर होते. गोळी अण्णांच्या डाव्या तळहातातून पार झाली आणि समोर पूजेचे ताट धरून बसलेल्या बंटूच्या मांडीत घुसली.

मी पोहोचलो तेव्हा त्याच्या काकूंनी अण्णांचे उपरणे घडी करून जखमेवर दाबून धरले होते. दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून. त्या बाईंना कोणी शिकवले नव्हते, पण त्यांनी केले ते अगदी योग्य केले. मुलगा वाचला तो त्यांच्यामुळे. बाकीच्यांनी मात्र तोवर जखमेत हळद भरली होती, त्याला तांब्याभर पाणी पाजले होते आणि मांडीला सुतळी करकचून बांधली होती. ती सुतळी कातडीत रुतली होती आणि रक्त काही थांबले नव्हते.

रक्तस्राव आटोक्यात आणून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. पण गोळीने मांडीच्या मागून जाणारी मोठी नस, जिला आम्ही सायटिक नर्व्ह म्हणतो, ती दुखावली होती. पाऊल वर उचलण्याची ताकद गेली ती परत पूर्ण आली नाही. आज तो पोटरीला प्लास्टिकचा आधार बांधून चालतो. धावणे संपले.

त्या दिवसापासून एक वाक्य माझ्या कानाला खुपते. घरातले सगळे म्हणत होते, “गोळी चुकून सुटली.” गोळी आपोआप सुटत नाही. जुने किंवा नादुरुस्त शस्त्र पडून गोळी सुटू शकते, हे खरे. पण बहुतेक वेळा चापावर कोणाचे तरी बोट असते.

बोट आपले ऐकते का?

आपल्याला वाटते, बोट आपले आहे, आपण ठरवू तेव्हाच ते हलेल. शरीरशास्त्र तसे सांगत नाही. घरी बसून एक साधा प्रयोग करून पाहा. उजव्या हातात एक मऊ रबरी चेंडू अलगद धरा. आता डाव्या हाताची मूठ एकदम सगळ्या ताकदीने आवळा. उजव्या हाताची बोटेही किंचित आवळली गेल्याचे जाणवेल. एका हाताला जोराचा हुकूम सुटला की त्याचा थोडा अंश मेंदू आणि मज्जारज्जूतून दुसऱ्या हाताकडेही जातो. अण्णांचा डावा हात जोर लावत होता आणि उजव्या हाताचे बोट चापावर होते. पुढचे काम या जोडीदार स्नायूंनी केले.

स्नायूंच्या हालचालींवर संशोधन करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉजर एनोका यांनी नकळत चाप दाबला जाण्याच्या तीन परिस्थिती सांगितल्या आहेत. पहिली ही अशी, दुसऱ्या हाताने जोर लावताना. दुसरी तोल जाताना. पाय घसरला की माणूस हाताला येईल ते घट्ट पकडतो, आणि हातात शस्त्र असेल तर त्याचीच मूठ आवळतो. तिसरी दचकताना. भांडे पडले, कुत्रे भुंकले, फटाका वाजला, की खांदे आखडतात आणि मुठी वळतात. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. ‘दाबू नकोस’ असा विचार मनात येण्याआधी बोट दाबून मोकळे झालेले असते.

आता दाब किती लागतो ते पाहू. ज्या शस्त्राचा घोडा, म्हणजे काडतुसावर आघात करणारा हातोडा, मागे ओढून ठेवलेला आहे, त्याचा चाप साधारण दीड-दोन किलोच्या दाबाने सुटतो. रिव्हॉल्वरचा घोडा मागे नसेल तर साधारण चार ते सहा किलो लागतात. आणि धडधाकट माणसाची मूठ तीस-चाळीस किलोने सहज आवळली जाते. म्हणजे दचकलेल्या हातापुढे चापाचा विरोध काहीच नाही.

यावर उपाय एकच. बोट चापावर ठेवायचेच नाही. चापाभोवती एक कडी असते. बोट त्या कडीच्या बाहेर, वरच्या अंगाला, शस्त्राच्या धातूवर सरळ ताणून ठेवायचे. कडीच्या काठावर टेकवूनही ठेवायचे नाही, कारण दचकताच ते आत घसरते. सरळ ताणलेले बोट दचकल्यावर धातूवर दाबले जाते, चापावर नाही. सैन्यात आणि पोलिसांत ही सवय घोटून घोटून लावतात. आपण मात्र सिनेमातले नायक पाहून शिकलेलो असतो, आणि पडद्यावर पिस्तूल हातात आले की बोट चापावरच जाते.

चार सवयी

अमेरिकेच्या मरीन दलातील माजी अधिकारी आणि नेमबाजीचे शिक्षक जेफ कूपर यांनी चार नियम रूढ केले. जगभर नवशिक्यांना आज तेच शिकवले जातात. माझ्या शब्दांत ते असे :

१) प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजा. आत्ताच रिकामे केले असले तरी, आणि दुसऱ्याने ‘रिकामे आहे’ म्हणून हातात दिले असले तरी. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेत ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवर अभिनेता अ‍ॅलेक बाल्डविन यांच्या हातात ‘यात जिवंत काडतूस नाही’ असे सांगून रिव्हॉल्वर देण्यात आले होते. त्यात जिवंत काडतूस होते. छायाचित्रणकार हलिना हचिन्स त्या गोळीने मरण पावल्या आणि दिग्दर्शक जखमी झाला. दुसऱ्याच्या शब्दावर जाऊ नये. स्वतः उघडून पाहावे.

२) ज्याला इजा होऊ द्यायची नाही, त्याच्याकडे नळीचे तोंड कधीही करू नका. यात स्वतःचा तळहात आणि स्वतःचे पायही आले. हा एक नियम पाळला तर बाकी सगळे चुकूनही माणूस वाचतो. भिंतीला तोंड करून निर्धास्त राहू नका. पत्र्याची, फळीची किंवा पातळ भिंत गोळी अडवत नाही. घरातल्या घरात शस्त्र हाताळावेच लागले तर त्याचे तोंड वाळूने गच्च भरलेल्या बादलीकडे ठेवावे.

३) नेम धरून गोळी झाडण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापाबाहेर. त्याचे कारण वर सांगितलेच आहे.

४) समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे नीट पाहिल्याशिवाय गोळी झाडू नका. अंधारात उसात खसखसले म्हणून रानडुक्कर समजून झाडलेली गोळी पाण्याच्या पाळीला आलेल्या शेजाऱ्यालाही लागू शकते.

पाचवी गोष्ट मी माझ्याकडून जोडतो. शस्त्र हातातून निसटले तर पडू द्या, झेलायला जाऊ नका. झेलताना पहिले बोट नेमके चापाच्या कडीत शिरते. चांगल्या स्थितीतले आधुनिक शस्त्र पडून सहसा सुटत नाही. मात्र जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्वरमध्ये घोडा काडतुसावर टेकलेला असतो आणि घोड्यावर आघात झाला की ते सुटू शकते. म्हणून असे शस्त्र भरलेले ठेवूच नये आणि वेळोवेळी परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांना स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी पायाला लागली, ते आपण सर्वांनी वाचले. रिव्हॉल्वर हातातून पडले आणि गोळी सुटली, असे तेव्हा सांगण्यात आले. पहाटेची वेळ, प्रवासाला निघण्याची घाई आणि भरलेले शस्त्र, एवढे त्याला पुरेसे झाले. नशिबाने जखम पायावर निभावली.

रिकामे करण्याचा क्रम

शस्त्र हाताळण्याचे रीतसर शिक्षण घेतल्याशिवाय हे करू नका. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अशा प्रशिक्षणाची तरतूद केली आहे. ज्यांनी शिक्षण घेतले आहे, त्यांच्यासाठी ही केवळ उजळणी.

पिस्तूल असेल तर नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर ठेवून आधी मॅगझिन काढा. मग वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, पूर्ण मागे ओढा. खोबणीत काडतूस असेल तर ते बाहेर उडेल. स्लाइड मागे अडकवून खोबणीत डोळ्याने पाहा आणि करंगळी घालून चाचपा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे स्लाइड आधी आणि मॅगझिन नंतर, तर एक काडतूस बाहेर पडते आणि मॅगझिनमधले दुसरे वर चढते. माणूस रिकामे म्हणून निश्चिंत होतो आणि शस्त्र भरलेलेच राहते.

रिव्हॉल्वर असेल तर चक्र उघडून सगळी घरे एकेक करून मोजा. पाच निघाली आणि सहावे ‘नसेल’, असे धरून चालू नका.

काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून यावे आणि मगच फडके हातात घ्यावे. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. तिथे देताना आणि परत आणताना हा क्रम पुन्हा पाळायचा. भरताना आणि रिकामे करताना हात शस्त्राशी जास्त खेळतो, म्हणून चुकाही तिथेच जास्त होतात. साफसफाई झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवा. काडतुसात शिसे असते आणि ते पोटात जाणे चांगले नाही. देवाच्या ताटातला प्रसाद त्याच हाताने उचलू नका.

मुलांना सांगितले म्हणजे झाले का?

“आमची मुले शहाणी आहेत, हात लावू नका म्हटले की लावत नाहीत,” असे पालक सांगतात. २००१ साली अमेरिकेतील ‘पेडियाट्रिक्स’ या बालरोगविषयक नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वयाच्या ६४ मुलांना दोघा-तिघांच्या २९ गटांत एका खोलीत बसवले. तिथल्या खणात खरे पण रिकामे पिस्तूल ठेवले होते. २१ गटांना ते सापडले. त्यांपैकी १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांत कोणी ना कोणी चाप ओढला. हाताळणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना शस्त्राविषयी सूचना आधी मिळालेल्या होत्या.

यात मुलांचा दोष नाही. दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल आपणच हातात देतो. खोटे कोणते आणि खरे कोणते, हे पोराने कशावरून ओळखावे? म्हणून सूचना द्या, पण विश्वास कुलुपावर ठेवा. शस्त्र लोखंडी कपाटात, काडतुसे दुसऱ्या कुलपात आणि दोन्ही किल्ल्या परवानाधारकाच्या अंगावर. उशीखाली, देवघरात, गाडीच्या कप्प्यात, धान्याच्या कणगीत शस्त्र ठेवू नये. मुलांना लपवलेल्या जागा आपल्यापेक्षा चांगल्या ठाऊक असतात.

दारू आणि शस्त्र यांची गाठ कधी पडू देऊ नका. झोपेच्या गोळ्या चालू असताना किंवा मधुमेहात साखर उतरल्यावर हाताला आणि डोक्याला भान नसते, तेव्हाही नाही. वरातीत आणि मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि कोणाच्या डोक्यावर येईल ते तिला ठाऊक नसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा आनंदाच्या गोळीबारालाही कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहे.

आणखी एक गोष्ट, जी घरात कोणी उघड बोलत नाही. घरातला कोणी खचलेला असेल, कर्जाने किंवा आजाराने मनातून उतरला असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर त्या घरात शस्त्र ठेवू नये. असा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळी हाताशी शस्त्र नसले तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्याला सावरता येते. शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेव म्हणून जमा करता येते. त्यात कमीपणा काही नाही. मनाच्या तक्रारीसाठी सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि तुमच्या गावचा डॉक्टर तर आहेच.

गोळी लागलीच तर

बाहेरून गोळीची जखम बोराएवढी दिसते. आतले नुकसान मात्र त्यावरून समजत नाही. गोळी हाडावर आपटून दिशा बदलते, नसा आणि रक्तवाहिन्या फाडते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. मांडीची मुख्य धमनी फाटली तर काही मिनिटांत त्यातले इतके वाहून जाते, की माणूस हाती लागत नाही. म्हणून पहिली मिनिटे घरच्यांची.

प्रथम शस्त्र कोणाच्या हातात नाही ना ते पाहा. ते जमिनीवर असेल तर तसेच राहू द्या. कोणाला तरी १०८ ला फोन करायला लावा. जखमीला आडवे करा. स्वच्छ जाड कापडाची घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी पूर्ण जोर लावून दाबा. कापड भिजले तर ते न काढता त्यावर दुसरे ठेवा. रक्त थांबले का, हे पाहायला हात मधूनमधून उचलू नका.

हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या चार बोटे वर, सांध्यावर येणार नाही असा, तीन-चार बोटे रुंद पट्टा बांधा. त्यात पळी किंवा काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पीळ द्या. बांधल्याची वेळ लिहून ठेवा आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो सोडू नका. सुतळी, तार, नाडी वापरू नका. ती कातडी कापते आणि धमनी दबत नाही.

छातीला गोळी लागून श्वासाला त्रास होत असेल तर त्याला सोसेल तसे टेकवून बसवा आणि जखम प्लास्टिक लावून हवाबंद करू नका. पोटातून आतडे बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नका. स्वच्छ ओल्या कापडाने झाका. अंगावर पांघरूण घाला. दुसरीकडे जखम आहे का ते पाहा, कारण गोळी शिरल्याची आणि बाहेर पडल्याची अशा दोन जखमा असू शकतात.

हळद, चहापूड, कॉफी, राख जखमेत भरू नका. पाणीसुद्धा पाजू नका, कारण लगेच भूल द्यावी लागण्याची शक्यता असते. गोळी काढायचा प्रयत्न तर मुळीच करू नका. ती पुष्कळदा शल्यचिकित्सकही आतच राहू देतात. कापलेले कपडे फेकू नका. तपासात ते लागतात.

‘पत्र्याने कापले असे लिहा’

त्या दिवशी बंटूला गाडीत घातल्यावर अण्णा एका हाताला फडके गुंडाळून माझ्याजवळ आले. म्हणाले, “डॉक्टर, पोलिसांत जाऊ देऊ नका. पत्र्याने कापले असे लिहा. घरातली गोष्ट आहे, परवाना जाईल.” पंधरा-वीस वर्षांचा घरोबा होता. त्यांच्या दोन मुलींना गोवराची लस मी टोचली होती. मी नाही म्हटले. गोळीची जखम ही पोलिसांना कळवायचीच असते. आणि खोटे लिहिले असते तर पुढच्या डॉक्टरने मांडीत गोळी शोधली असती का? खोट्या कागदाने पहिले नुकसान त्या मुलाचेच झाले असते.

वाचकांनी इथे एक गोष्ट जाणून घ्यावी. ‘आधी पोलीस, मग उपचार’ असा नियम नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे, की जखमीचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले काम, कागदपत्रे नंतर. म्हणून भीतीपोटी दवाखान्यात यायला उशीर करू नका.

अण्णा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस हाताची बोटे वळत नाहीत म्हणून दाखवायला आले. जाताना म्हणाले, “पिस्तूल जमा केलं. परवानाही परत केला.” मी काही बोललो नाही. माझ्याही सहीचे ओझे होतेच.

तेव्हापासून शस्त्रपरवान्याच्या दाखल्यासाठी कोणी आले की बीपी आणि नजर पाहून झाल्यावर मी आणखी तीन प्रश्न विचारतो. कुठे ठेवणार? किल्ली कोणाकडे? रिकामे करून दाखवायला कोणाकडून शिकलात? शेजारचा पेन देऊन म्हणतो, “हे पिस्तूल समजा आणि हातात धरा.” बोट कुठे जाते ते पाहतो. दहांतल्या नऊ जणांचे बोट चापाच्या जागी जाते. त्यांना मी परत पाठवतो. काही जण चिडून दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. काही जण शिकून येतात.

बंटू आता आमच्या तालुक्याच्या गावी झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान चालवतो. पोलीस भरतीचे अर्ज भरायला मुले त्याच्याकडेच येतात. तो त्यांचे अर्ज नीट तपासून भरतो, उंची आणि छातीची मापे विचारतो, आणि पहाटे कुठल्या रस्त्याने धावावे तेही सांगतो.

या खंडेनवमीला ज्यांच्या घरी शस्त्र पाटावर यायचे आहे, त्यांनी मुले उठण्याआधी ते वर सांगितल्याप्रमाणे रिकामे करावे, उघडून दोघांनी पाहावे आणि मगच त्याला हळद-कुंकू लावावे. पूजा झाली की ते लगेच कुलपात जावे. आणि ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी कोयता-खुरपे पुजावे. देवीला तेवढे पुरते.

(पुढील आठवड्यात : फटाक्यांनी भाजल्यास काय करावे?)